बाक काढले, गोंगाट राहिला: एका चौकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

जागा लहान आणि त्रिकोणी. दोन बाजूंना रस्ते, तिसऱ्या बाजूला पाच मजली रहिवासी इमारत, आणि रस्ते मिळतात त्या टोकाला बसथांबा. मध्ये फरसबंदी, थोडी मोठी झाडं, आणि इमारतीच्या भिंतीला पाठ लावून एका ओळीत मांडलेले लांब बाक. बाक तिथेच का, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. बहुधा भिंतीलगत मांडले की झाडलोटीच्या आड येत नाहीत आणि नकाशावर नीटनेटके दिसतात. पण पाठीशी भिंत आणि समोर वर्दळ अशी बसण्याची जागा माणसाला आवडतेच, त्यामुळे बाक सहसा रिकामे नसायचे.

हे उद्यान नव्हतं, म्हणून माळी नव्हता. मैदान नव्हतं, म्हणून वेळापत्रक नव्हतं. पालिकेच्या दफ्तरात ती रस्त्याची उरलेली जागा. तिचा वापर कसा करायचा हे लोकांनीच ठरवून टाकलं होतं, कुणीही कुणाला न विचारता. ओळख पटू नये म्हणून शहर, चौक आणि माणसं यांच्या खुणा इथे दिलेल्या नाहीत. आमचं काम सल्लागाराचं होतं आणि आम्ही या गोष्टीत बरेच उशिरा आलो.

अडचण

इमारतीतल्या रहिवाशांची तक्रार रात्रीच्या गोंगाटाची होती. नऊनंतर तरुण मुलांचे घोळके जमायचे, हसणं-खिदळणं, मोबाइलवर गाणी, कधी भांडणं. बारापर्यंत हेच. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्यांना खिडक्या उघड्या ठेवता येत नव्हत्या. तक्रार खोटी नव्हती, हे आधीच सांगायला हवं. अशा प्रकरणांवर लिहिणारे बऱ्याचदा तक्रार करणाऱ्यांना कुरकुरे ठरवून मोकळे होतात. लहान मूल झोपवलेल्या आईला रात्री साडेअकराला खालचा प्रत्येक विनोद शब्दन् शब्द ऐकू येत असेल, तर सार्वजनिक जागेच्या हक्कावरचं व्याख्यान तिला का ऐकवायचं?

अर्ज वाढत गेले आणि प्रभाग कार्यालयाने एक दिवस बाक उचलून नेले. निर्णय समजण्यासारखा होता. तो फार खर्चाचा नव्हता, एका सकाळीत झाला आणि काहीतरी केल्याचं डोळ्यांना दिसलं.

मुलं गेली नाहीत. ती इमारतीच्या प्रवेशद्वाराच्या पायऱ्यांवर आणि फाटकालगत लावलेल्या दुचाक्यांवर बसू लागली, म्हणजे खिडक्यांच्या आणखी जवळ आली. गेले ते दुसरेच. सकाळी फिरून आल्यावर टेकणारी वयस्कर मंडळी यायची थांबली. दुपारी बाकावर पाठ टेकणारे सामान पोहोचवणारे आणि सफाईचं काम करणारे लोक झाडाच्या बुंध्याशी जमिनीवर बसू लागले. रोज दुपारी शेवटच्या बाकावर झोपणारा एक बेघर माणूस बसथांब्याच्या आडोशाला गेला, आणि मग प्रवाशांच्या तक्रारी सुरू झाल्या. रात्रीच्या दोन-तीन तासांच्या दुखण्यावर दिवसभराचे बाक कापले गेले होते.

काय काय सुचवलं गेलं

आम्ही आलो तेव्हा प्रस्तावांची यादी तयारच होती.

सर्वांत जोर कुंपणाला होता. चहूबाजूंनी जाळी, एक फाटक, रात्री नऊला कुलूप. ऐकायला सरळ. पण या त्रिकोणातून बसथांब्याकडे जाणारी आडवी वाट होती आणि रात्रीच्या पाळीहून परतणारे तिचाच वापर करायचे. कुंपण झालं की त्यांना रस्त्याच्या कडेने वळसा घालावा लागणार, तोही बंद दुकानांसमोरून. शिवाय एक साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता: किल्ली कुणाकडे? बंद करायला उत्साही माणूस मिळतो. पहाटे उघडायला, रोज, वर्षानुवर्षं, कोण येणार? कुलूप लावलेल्या जागा पुढे दिवसाही कुलूपबंदच राहतात, हे आम्ही इतरत्र पाहिलं होतं.

कुंपणाच्या विरोधात आम्ही न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कचा दाखला दिला. 1970च्या दशकात ती बाग अमली पदार्थांच्या विक्रीसाठी कुप्रसिद्ध होती. विल्यम व्हाइट या अभ्यासकाचं निदान असं होतं की बाग रस्त्यापासून फार तुटलेली आहे. कुंपणं आणि झुडपांमुळे आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. 1992मध्ये ती नव्या रूपात उघडली ती अडथळे काढून, प्रवेश वाढवून आणि हलवता येतील अशा खुर्च्या ठेवून. दाखला अर्धाच लागू होता, हेही सांगितलं. तिथे देखभालीसाठी स्वतंत्र व्यवस्था आणि पैसा उभा राहिला होता. इथे झाडू मारायलाही एकच माणूस.

दुसरा प्रस्ताव कॅमेऱ्यांचा. कॅमेरा चोरीनंतर उपयोगी पडू शकतो. हसण्याचा आवाज तो कमी करत नाही.

तिसरा प्रस्ताव एका तरुण रहिवाशाने इंटरनेटवर पाहून आणला होता: फक्त तरुणांच्या कानाला बोचणारा आवाज सोडणारं यंत्र. असं यंत्र खरोखर आहे. ब्रिटनमध्ये 2005मध्ये ते बाजारात आलं. ते साधारण 17.4 किलोहर्ट्झचा स्वर सोडतं, जो वय वाढल्यावर बहुतेकांना ऐकू येईनासा होतो. युरोप परिषदेच्या संसदीय सभेने 2010मध्ये सार्वजनिक जागांवर त्याला बंदी घालण्याची शिफारस केली. इथे नैतिक चर्चेची वेळच आली नाही. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "आणि माझ्या तान्ह्याला तो आवाज ऐकू येणार नाही का?" विषय तिथेच मिटला.

जागा वाहनतळाला द्यावी, अशीही एक सूचना होती. ती करणाऱ्यांकडे वाहनं होती.

राहिला शेवटचा पर्याय: बाक होते तसे परत ठेवायचे. वयस्कर मंडळींची मागणी तीच होती. न्यायाने ती बरोबर होती, पण त्याबरोबर रात्रीचा प्रश्नही होता तसाच परत आला असता.

आधी मोजणी

प्रभाग कार्यालयाला तातडीने आराखडा हवा होता. आम्ही आधी मोजणी मागितली. हा पहिला खरा निर्णय, आणि त्यावर बराच वाद झाला. "सगळ्यांना माहीत आहे तिथे काय चालतं, मोजायचं काय त्यात?" असं एका अभियंत्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. पण ज्यांना माहीत होतं त्यांना फक्त आपापला तास माहीत होता.

पद्धत जुनी आणि सोपी. जागेचा नकाशा घ्यायचा आणि दर तासाला दहा मिनिटं उभं राहून दिसेल त्या प्रत्येक माणसाचा ठिपका त्यावर टाकायचा. बसलेला की उभा, एकटा की घोळक्यात, अंदाजे वयोगट, स्त्री की पुरुष. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत, कामाच्या दिवशी, सुट्टीच्या दिवशी आणि एकदा भर पावसात. डेन्मार्कचे वास्तुकार यान गेल आणि न्यूयॉर्कचे व्हाइट यांनी ही रीत रुजवली. व्हाइट यांनी छपरांवर कॅमेरे लावून चौकांचं चित्रीकरण केलं होतं. माणसं सर्वांत जास्त तिथे बसतात जिथे बसायला जागा असते, असं त्यांनी म्हटलं, आणि ते हास्यास्पद वाटेल इतकं उघड आहे. पण त्या उघड गोष्टीसाठी न्यूयॉर्कला 1975मध्ये नियम बदलावे लागले: जादा बांधकामाच्या मोबदल्यात सोडलेल्या चौकात दर 30 चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक सक्तीची झाली.

ठिपके एकावर एक ठेवले तेव्हा एक जागा नव्हे, सहा-सात जागा दिसल्या. पहाटेची, शाळा सुटण्याच्या वेळची, दुपारची, बसच्या गर्दीची, संध्याकाळची, रात्रीची. प्रत्येकीचे लोक वेगळे, बसण्याचे कोपरे वेगळे, आणि बहुतेकांना एकमेकांची गंधवार्ता नाही. पहाटेच्या आजोबांना रात्रीची मुलं फक्त तक्रारअर्जांतून माहीत होती.

माझ्या मते या प्रकरणाची किल्ली इथे आहे. सार्वजनिक जागेचं भांडण जमिनीच्या वाटणीचं वाटतं: हा कोपरा मुलांचा, तो वृद्धांचा. प्रत्यक्षात माणसं अशी जागा तासांमध्ये वाटून घेतात. बोगोटात 1974पासून रविवारी मुख्य रस्ते मोटारींना बंद आणि सायकली-पादचाऱ्यांना खुले होतात. आज ते जाळं 100 किलोमीटरहून मोठं आहे आणि दुपारी मोटारींना रस्ता परत मिळतो. टोकियोच्या गिन्झा भागात 1970पासून सुट्टीच्या दिवशी मुख्य रस्ता चालणाऱ्यांचा असतो. तिथे रस्ता कुणाकडूनही कायमचा काढून घेतलेला नाही. आमच्या चौकात मात्र एका तासाचा प्रश्न सोडवायला सगळ्या तासांची वस्तू काढून घेतली गेली होती.

मोजणीत आणखी एक गोष्ट दिसली, जिच्याबद्दल एकही अर्ज आलेला नव्हता. संध्याकाळी सातनंतर बायका थांबत नव्हत्या. जात होत्या, भरपूर. पण ठिपके वाटेवरचे, बसलेले जवळजवळ नाहीतच. चौकात थांबणाऱ्यांमध्ये बायकांचं प्रमाण घसरलं तर जागेत काहीतरी बिघडलंय, असं व्हाइट म्हणत. व्हिएन्नात 1990च्या दशकात बागांची अशीच पाहणी झाली, तेव्हा नऊ-दहा वर्षांनंतरच्या मुली बागेतून दिसेनाशा होतात असं आढळलं. पालिकेने काही बागांची फेररचना केली: एकाच मोठ्या खेळपट्टीऐवजी छोटे भाग, वेगवेगळ्या खेळांची सोय, निवांत बसायच्या जागा. मग मुली परत येऊ लागल्या. जो येतच नाही तो अर्जही करत नाही, म्हणून केवळ तक्रारींवर चालणाऱ्या कार्यालयाला तो कधी दिसत नाही.

गोंगाट नेमका कुठून येत होता

यावर थोडं रेंगाळायला हवं, कारण आमचा आराखडा इथेच फिरला.

रात्री आम्ही मुलांजवळ बसलो तेव्हा ती फारशी ओरडत नव्हती. बोलत होती. पण जुनी मांडणी आठवून पाहिली तर चित्र स्पष्ट झालं. सरळ लांब बाकावर सहाजण बसले की टोकाच्या दोघांना एकमेकांचं तोंडही दिसत नाही. मग तिघे उठून समोर उभे राहतात, बोलण्यासाठी आवाज चढवतात, तो चढला म्हणून इतरही चढवतात. आजूबाजूला आवाज असला की माणूस नकळत मोठ्याने बोलतो, हे फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी 1911मध्ये नोंदवलं होतं. मनोविकारतज्ज्ञ हम्फ्री ऑझमंड यांनी 1950च्या दशकात रुग्णालयांच्या दालनांबद्दल लिहिताना दोन प्रकारच्या मांडण्या सांगितल्या: माणसांना एकमेकांकडे वळवणारी आणि एकमेकांपासून तोडणारी. भिंतीलगतची सरळ ओळ दुसऱ्या प्रकारची.

त्यात भिंत. समोर उभ्या असलेल्या मुलांची तोंडं भिंतीकडे, म्हणजे आवाज थेट दर्शनी भागावर आणि तिथून वर. दिवसा रहदारी तो गिळून टाकायची. रात्री रहदारी ओसरली की तेच बोलणं दुसऱ्या मजल्यावर स्पष्ट पोहोचायचं. मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचं अंतर दुप्पट झालं की पातळी साधारण 6 डेसिबलने उतरते. हा आकडा आम्ही बैठकीत फळ्यावर लिहिला आणि बैठकीचा सूर पहिल्यांदा बदलला. मुलं कशी आहेत, त्यांच्यावर संस्कार काय झाले, हा विषय मागे पडला. बाक कुठे आहेत हा पुढे आला.

मुलांशी बोलणं सोपं गेलं नाही. पहिल्या सभेला ती आलीच नाहीत. सभा कार्यालयात, सकाळी अकराला होती. तिला तक्रारदारच येणार होते. दुसरी बोलणी चौकातच झाली, वेगवेगळ्या वेळी, रात्रीही. एकजण म्हणाला, "काका, इथून हाकललंत तर आम्ही जायचं कुठं ते पण सांगा." घरं लहान, घरी लवकर झोपणारी माणसं, आणि पैसे न मोजता बसता येईल अशी दुसरी जागा जवळपास नाही. त्यांच्यापैकी काही त्याच इमारतीत राहत होते. हे रहिवाशांना ठाऊक होतं, पण अर्जांत "बाहेरची मुलं" असंच लिहिलेलं असायचं.

चाचणी

कायमचं काही बांधण्याआधी हलवता येईल असं करून पाहायचं, यावर आम्ही अडून राहिलो. न्यूयॉर्कने 2009मध्ये टाइम्स स्क्वेअरचा मोठा भाग मोटारींना बंद केला तेव्हा सुरुवातीला स्वस्तातल्या घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. कायमचं बांधकाम नंतर. तात्पुरती गोष्ट चुकली तर उचलता येते. सिमेंटची चूक वर्षानुवर्षं तिथेच उभी असते.

बदल थोडे होते. घोळक्याची बैठक भिंतीपासून हलवून बसथांब्याच्या टोकाकडे नेली, काटकोनात, म्हणजे सहाजण एकमेकांना पाहत बसतील अशी. तिथे रस्त्याचा आवाज असतो आणि वर्दळही. भिंतीलगत फक्त सुट्या, एकेका माणसाच्या पाठ असलेल्या बैठका ठेवल्या. एकट्या बैठकीवर घोळका जमत नाही आणि आजोबांना हवी ती पाठ मिळते. मधल्या मोकळ्या भागात हलवता येणाऱ्या खुर्च्या. त्या रोज बाहेर काढायचं आणि रात्री आत ठेवायचं काम थांब्याशेजारच्या टपरीच्या चालकाने स्वीकारलं.

दिव्यांवर दोन मतं होती. रहिवाशांना अंधार हवा होता, म्हणजे मुलं जातील. संध्याकाळी वाटेने जाणाऱ्या बायकांना उजेड हवा होता. यात मधला तोडगा म्हणजे सगळीकडे मिणमिणता उजेड, आणि तो दोघांनाही नको होता. शेवटी वाट रात्रभर सारखी उजळलेली ठेवली, झगमग नको, कारण एका ठिकाणी प्रखर दिवा असला की डोळ्यांना त्याच्या बाहेरचा भाग आणखी काळा दिसतो. भिंतीलगतचे दिवे दहानंतर मंद व्हायचे. वाटेवर झुकलेली झुडपं कमरेच्या खाली छाटली.

खुर्च्यांनी पहिल्याच आठवड्यात फजिती केली. लोकांना त्या आवडल्या. बसण्याआधी प्रत्येकजण खुर्ची थोडीशी सरकवतो, हे व्हाइट यांचं निरीक्षण इथेही खरं निघालं. पण लोखंडी पाय फरशीवर घासले की रात्री जो आवाज व्हायचा तो मुलांच्या हसण्याहून वाईट होता. इमारतीतून फोन आले, योग्यच आले. पायांना रबर लावलं. काही खुर्च्या चोरीला गेल्या. एक नंतर बसथांब्याच्या मागे सापडली. कुणीतरी बसची वाट बघायला नेली होती. थांब्यावर बसायची सोय अपुरी आहे हे आम्हाला त्या खुर्चीमुळे कळलं.

हाताच्या दांड्यांचा वाद

कायमचे बाक घ्यायची वेळ आली तेव्हा पुरवठादाराच्या पुस्तिकेत बहुतेक बाकांना मधोमध लोखंडी दांडा होता. वृद्धांना उठताना हाताला आधार लागतो, हे कारण खरं आहे. गुडघे दुखणाऱ्याला साधारण 45 सेंटिमीटर उंचीची बैठक आणि दोन्ही बाजूंना आधार हवाच. पण मधला दांडा आडवं पडणाऱ्यासाठीही असतो, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. लंडनच्या कॅम्डेन भागात 2012मध्ये बसवलेल्या काँक्रीटच्या बाकांचं उदाहरण प्रसिद्ध आहे: झोपता येऊ नये, स्केटबोर्ड फिरवता येऊ नये, म्हणून मुद्दाम उतरते घडवलेले.

इथे मतं खरोखर फाटली. एक निवृत्त शिक्षिका, ज्या कुंपणाच्या विरोधात आमच्या बाजूने उभ्या राहिल्या होत्या, त्या म्हणाल्या की तिथे माणूस झोपलेला असला की नातीला घेऊन बसायला त्यांना भीती वाटते. त्यांना गप्प करणं सोपं होतं, पण त्यांची भीती त्याने गेली नसती. दुसरीकडे, दुपारी झोपणाऱ्या त्या माणसाविरुद्ध त्याच्या झोपण्यापलीकडे एकही नोंद नव्हती. तो सभेला येणार नव्हता. त्याच्या वतीने बोलायचा अधिकार आम्हाला कुणी दिला, असंही एका रहिवाशाने विचारलं. आमच्याकडे चांगलं उत्तर नव्हतं.

ठरलं ते असं: भिंतीलगतच्या सुट्या बैठकांना दोन्ही बाजूंना दांडे, काटकोनी बाकाला फक्त टोकांना, आणि झाडाखाली एक लांब बाक बिनदांड्याचा, वाटेवरून दिसेल असा. प्रभाग कार्यालयाने हा शेवटचा बाक मान्य केला तो दुपारी काम करणाऱ्यांना आराम म्हणून. कागदावर बेघर हा शब्द आला नाही. आला असता तर बाक आला नसता, असा माझा अंदाज आहे.

परिणाम

रात्रीच्या तक्रारी कमी झाल्या, थांबल्या नाहीत. वरच्या मजल्यांवरून जवळजवळ बंद झाल्या. बसथांब्याकडच्या कोपऱ्यातल्या पहिल्या मजल्यावरच्या घराला मात्र आता पूर्वीपेक्षा जास्त आवाज येतो, कारण बैठक त्यांच्या बाजूला सरकली. एकाच्या खिडकीखालचा आवाज दुसऱ्याच्या खिडकीजवळ नेणं हा तोडगा म्हणायचा का? इमारतीतल्या बहुतेकांनी हो म्हटलं. त्या घराने अर्थातच नाही.

सकाळची मंडळी लगेच परत आली. संध्याकाळी बसलेल्या बायका दिसू लागल्या, बहुतेक वेळा दोघी-तिघी मिळून, आणि वाटेलगतच्या खुर्च्यांवर. नऊनंतर चित्र जुनंच राहिलं. मुलांनी काटकोनी बाक आपला मानला. गाणी लावणं बंद झालं नाही, पण दहानंतर आवाज कमी करायची रीत त्यांनी आपसात लावून घेतली, आणि ती मोडली तर काय, हे त्यांच्यातल्याच एका मोठ्या मुलाने पाहायचं ठरलं. हे पाटीवर लिहायचा आग्रह प्रभाग कार्यालयाचा होता. आम्ही नको म्हटलं. पाटी लागली असती तर तो नियम कार्यालयाचा झाला असता.

दुपारी झोपणारा माणूस लांब बाकावर काही आठवडे आला नाही, मग येऊ लागला. शिक्षिका आता सकाळी येतात.

वेगळं काय करता आलं असतं

बाक उचलण्याआधी ते फक्त दुसऱ्या बाजूला सरकवून पाहणं शक्य होतं. चार माणसं आणि एक गाडी पुरली असती, म्हणजे उचलायला लागला तेवढाच खर्च. त्या टप्प्यावर कुणी मोजणी मागितली नाही, कारण तक्रार एकाच दिशेने येत होती आणि उपाय हाताशी होता.

कोपऱ्यावरच्या घराशी स्वतंत्रपणे बोलायला हवं होतं, आराखडा मांडण्याआधी. बैठक हलवायची म्हणजे कुणाच्या तरी जवळ न्यायची. ते घर कोणतं हे नकाशावर पहिल्या दिवसापासून दिसत होतं. चाचणीच्या काळात त्यांची तक्रार सर्वसाधारण नोंदींमध्ये मिसळली गेली आणि कायमचं काम सुरू झाल्यावर वेगळी ऐकू आली. दोन-तीन मीटर अलीकडे किंवा झाडाच्या आडोशाला बाक बसला असता तर फरक पडला असता का, हे बघायची वेळ चाचणीचीच होती.

सर्वांत कच्चा दुवा खुर्च्यांचा निघाला. सगळी व्यवस्था टपरी चालवणाऱ्या एका माणसाच्या भलेपणावर उभी होती, लेखी काही नाही, मोबदला नाही. कायमचं काम झाल्यानंतर काही महिन्यांनी टपरी दुसऱ्याकडे गेली. नव्या चालकाला खुर्च्या सांभाळण्यात रस नाही आणि त्याला दोष देता येत नाही. खुर्च्या सध्या साखळीने बांधून ठेवल्या आहेत. त्या नसताना संध्याकाळी बसणाऱ्या बायकांची संख्या उतरल्यासारखी दिसते, पण ऋतूही बदलला आहे, त्यामुळे कारण कोणतं ते सांगता येत नाही.

प्रभाग कार्यालयापुढे आता दोन अर्ज आहेत. एक खुर्च्यांच्या देखभालीसाठी ठरावीक मोबदल्यावर माणूस नेमण्याचा, वयस्कर मंडळींनी दिलेला. त्यावर रात्रीच्या घोळक्यातल्या काही मुलांच्याही सह्या आहेत. दुसरा कोपऱ्यावरच्या घराचा, काटकोनी बाक हलवण्याचा. दोन्हींवर निर्णय होण्याआधी पुन्हा मोजणी करायची, हे कार्यालयाने या वेळी स्वतःहून सुचवलं आहे, आणि तिच्यात मध्यरात्रीनंतरचा एक तासही धरला आहे.